पलाऊने ८०% समुद्र मासेमारीला बंद केला, मग तिथलं प्रवाळ सुधारलं का?

ओहोटी_२३:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. तर विषय असा की माझी एक मैत्रीण डायव्हिंगसाठी पलाऊला चाललीये (फिलिपीन्सच्या पूर्वेला पॅसिफिकमधला छोटासा देश, लोकसंख्या जेमतेम १८ हजार) आणि तिच्या नादाने मीपण गेले पंधरा दिवस त्या देशाबद्दल मिळेल ते वाचत सुटलेय. आता डोक्यात नुसता गुंता झालाय. एकीकडे सगळे व्हिडिओ सांगतात की २०२० पासून पलाऊने आपल्या समुद्राचा ८०% भाग मासेमारीला बंद केला, जगात असं कुणी केलं नाही, त्यामुळे प्रवाळ वाचलं, मासे परत आले वगैरे वगैरे. आणि दुसरीकडे वाचलं तर तिथलेच कोळी म्हणतायत की रीफवरचे (म्हणजे प्रवाळाच्या खडकांवरचे) मासे लहान झालेत, पूर्वीसारखे मिळत नाहीत. आता ८०% बंद असताना मासे कमी कसे काय?? दोन्हीपैकी कुणीतरी थापा मारतंय का मलाच काही कळत नाहीये?

अजून एक, तिथे म्हणे सनस्क्रीनवर बंदी आहे. एवढ्याशा क्रीमने एवढं मोठं प्रवाळ मरतं? आणि मैत्रिणीचा प्रश्न, तिथे हॉटेलात मासे खावेत की नाही. ती खवय्यी आहे त्यामुळे "नाही" असं उत्तर असेल तर जरा हळुवारपणे सांगा :)

मासळीशास्त्र:
कुणीच थापा मारत नाहीये, तुमचा गोंधळ होतोय तो दोन वेगळे समुद्र एकच धरल्यामुळे, आणि तो बातम्या लिहिणाऱ्यांचापण होतो त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. (मत्स्यशास्त्रात शिक्षण झालंय, पलाऊला गेलेलो नाही, अभ्यासात ही केस होती म्हणून माहिती आहे, हे आधीच सांगून टाकतो.)

हे बघा, जो ८०% बंद केलाय तो म्हणजे पलाऊ नॅशनल मरीन सँक्च्युअरी. कायदा २०१५ च्या ऑक्टोबरमधे झाला, तेव्हा टॉमी रेमेंगेसाउ ज्युनिअर राष्ट्राध्यक्ष होते, आणि पूर्ण अंमल १ जानेवारी २०२० पासून. जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर. पण हा पाच लाखांचा बहुतेक सगळा पट्टा खोल निळ्या पाण्याचा आहे हो, हजारो मीटर खोल, तिथे प्रवाळ नावाला नाही. तिथे पोहतो तो टुना, म्हणजे आपला कुपा म्हणा, स्किपजॅक, यलोफिन, बिगआय, शिवाय मार्लिन, शार्क. आणि तिथे मासेमारी करत होत्या त्या परदेशी लाँगलाइन बोटी, एकेका दोरीला हजारो गळ लावून दोरी कित्येक किलोमीटर सोडून द्यायची असला प्रकार. बंद झालं ते हे.

रीफ आहे ती किनाऱ्याजवळ, बेटांच्या भोवती कड्यासारखी, आत लगून, म्हणजे उथळ शांत पाणी. तिथे मासे मारतो तो स्थानिक माणूस, छोट्या बोटीतून, गळाने, जाळ्याने नाहीतर भाल्याने. त्याला ८०% वाला कायदा लागूच होत नाही, किनाऱ्यालगतचं पाणी तिथल्या १६ राज्यांच्या ताब्यात आहे (हो, १८ हजार लोकांत १६ राज्यं, काही राज्यांत तर शेकड्यात लोक असतील) आणि नियम ते ते राज्य आणि तिथले पारंपरिक प्रमुख ठरवतात. म्हणजे टुना वाचवायचा कायदा करून रीफवरचा हेकरू (ग्रूपर) वाढेल ही अपेक्षाच मुळात चुकीच्या दारावर थाप आहे.

आता रीफवरच्या माशांचं. उत्तरेला न्गारचेलाँग आणि कायांगेल अशी दोन राज्यं आहेत, तिथे कोळ्यांनी स्वतःच आपले मासे मोजले. शास्त्रज्ञांनी शिकवलं, पण पट्टी घेऊन धक्क्यावर बसले ते कोळीच. प्रत्येक माशाची लांबी आणि पोट फाडून अंडी धरलीयेत की नाही. निघालं काय, तर पकडलेल्यांपैकी साधारण ६०% मासे एकदाही अंडी न घातलेले, पोरं म्हणजे. कुठलीही मासळी अशी पोरवयातच ताटात गेली तर पुढची पिढी येणार कुठून. आणि मोठी मादी लहान मादीपेक्षा नुसती जास्त नाही तर कैक पट अंडी घालते, त्यामुळे मोठा मासा मारला की जी तूट येते ती दहा लहान मासे सोडूनपण भरत नाही. तर कोळी म्हणतायत ते शंभर टक्के खरं आहे.

निळा_पंख:
मी कोरोरमधे (तिथलं मुख्य शहर) दीड वर्ष डाइव्ह बोटीवर काम केलंय, टँक भरणे, पाहुण्यांना दोरीला धरून बोटीत ओढणे असली कामं, नंतर गाइड झालो. वरच्या भाऊंनी छान सांगितलं. मी जे पाण्याखाली पाहिलं ते लिहितो, शास्त्र कमी आणि आठवणी जास्त.

प्रवाळ सुधारलं का याचं उत्तर कुठलं प्रवाळ यावर आहे. आमच्या बोटीचे जुने कप्तान १९९८ ची गोष्ट सांगायचे, त्या वर्षी समुद्र तापला आणि त्यांच्या शब्दात "आख्खी रीफ मिठासारखी झाली". मी तेव्हा नव्हतो पण त्या एका उन्हाळ्यात पलाऊचं साधारण एक तृतीयांश प्रवाळ मेलं असं सगळीकडे नोंदलेलं आहे. प्रवाळ हा दगड नाही तर प्राणी आहे, आणि त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं जे उन्हावर अन्न बनवून त्याला देतं, रंगपण त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी तापलेलं राहिलं, आणि ते महिनाभर टिकलं, की हे शेवाळ विष सोडायला लागतं मग प्रवाळ त्याला हाकलून देतं, आणि उपाशी पडतं. पांढरं झालं म्हणजे मेलं असं नाही, उपाशी आहे. पाणी लवकर निवलं तर वाचतं.

गंमत म्हणजे (गंमत नाही खरंतर) पलाऊचं प्रवाळ परत आलंही बऱ्यापैकी भराभर, सात-आठ वर्षांत बऱ्याच ठिकाणी भरून निघालं. याचं एक कारण म्हणजे तिथे काही खाड्या आहेत, रॉक आयलंड्स नावाच्या छोट्या बेटांच्या मधे अडकलेलं गरम पाणी, निक्को बे म्हणतात एकीला, तिथलं पाणी बाहेरच्यापेक्षा गरमही आणि आम्लही जास्त, शास्त्राप्रमाणे तिथे प्रवाळ असायलाच नको आणि ते तिथे खच्चून भरलंय. कयाकने जाता येतं, वल्ह्याखाली रंगीत प्रवाळ दिसतं. पिढ्यान्पिढ्या त्या उकाड्यात राहून तयार झालेलं. तिथले संशोधक, कोरोरमधेच पलाऊ इंटरनॅशनल कोरल रीफ सेंटर आहे त्यांचे लोक, सारखे त्या खाडीत बुड्या मारत असायचे.

पण मग २०१२ च्या डिसेंबरमधे बोफा नावाचं वादळ आणि पुढच्याच नोव्हेंबरात हैयान. पलाऊ एरवी वादळाच्या वाटेच्या खाली येतं, तिकडच्या लोकांना सवय नाही. पूर्वेकडची रीफ खरवडून निघाली अक्षरशः. मी काम करायचो तेव्हाही पूर्वेला पाहुण्यांना नेत नव्हतो, काय दाखवणार, खडकाचा नुसता सांगाडा, वर बारीक बारीक कोवळी प्रवाळं बशीएवढी. आणि तिथून तासाभराच्या अंतरावर पश्चिमेला ब्लू कॉर्नर, उलाँग चॅनल, तिथे कोबीच्या गड्ड्यासारखं पसरलेलं भलंमोठं प्रवाळ आणि शार्कची रांग. एकाच देशात. त्यामुळे कुणी विचारलं "पलाऊची रीफ कशीये" तर मी विचारतो कुठली बाजू.

ओहोटी_२३:
बापरे, इतकं सविस्तर! दोघांचे आभार. म्हणजे वादळ, गरमी यापुढे ८०% बंद करून उपयोगच नाही ना मग? आणि दुसरं, राज्यं किनाऱ्याजवळचं ठरवतात म्हणालात, तर तिथे बंद वगैरे काही आहे का नाही? का कोळी मोजमाप करून बसले आणि पुढे काही नाही

मासळीशास्त्र:
आहे ना, आणि पलाऊची खरी गोष्ट तीच आहे माझ्या मते, ८०% वाली नाही. त्यांच्याकडे "बूल" नावाची प्रथा आहे, फार जुनी. गावच्या प्रमुखांची परिषद जाहीर करते की अमुक जागेवर, अमुक माशावर बूल, म्हणजे मनाई. मासा कमी दिसला, किंवा अंडी घालायचा मोसम आला, की लावायचं, मासा वाढला की उठवायचं. कागद नाही, पोलीस नाही, पण मोडलं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. ८०% वाला कायदासुद्धा "बूलच पण देशभराचा" असं सांगूनच लोकांच्या गळी उतरवला गेला.

यात एक भाग मला फार आवडतो तो म्हणजे चंद्राचा. पलाऊच्या कोळ्यांना कुठला मासा कुठल्या तिथीला कुठे गोळा होतो हे तोंडपाठ असायचं. १९७० च्या दशकात रॉबर्ट योहानेस नावाचा एक जीवशास्त्रज्ञ तिथे जाऊन कोळ्यांजवळ बसून हे सगळं लिहून घेत गेला, आणि डझनावारी माशांच्या तिथ्या निघाल्या ज्या शास्त्राला तोपर्यंत ठाऊकच नव्हत्या. हेकरू म्हणजे ग्रूपर एरवी एकेकटा राहणारा मासा, खडकाच्या कपारीत दबा धरून, पण अंडी घालायच्या महिन्यांत अमावस्येच्या आधीचे काही दिवस ठराविक चॅनलमधे शेकड्यांनी जमा होतात. दरवर्षी तीच जागा, तोच काळ. आता विचार करा, ज्याला जागा आणि तिथी माहितीये त्याला दोन रात्रीत वर्षभराची मासळी मिळते, आणि दोन-चार वर्षांत ती जत्रा कायमची उठते. जगात कित्येक ठिकाणी उठली आहे.

म्हणून न्गेरुमेकाओल चॅनल (वर दादा उलाँग चॅनल म्हणाले तोच) १९७६ पासून या मोसमात बंद आहे. १९७६! तेव्हा मरीन सँक्च्युअरी हा शब्दपण फारसा कुणी वापरत नव्हतं. उत्तरेला एबील नावाचं चॅनल आहे तेही असंच बंद. नंतर २००३ मधे कायदा करून या सगळ्या छोट्या छोट्या गावकी बंदींची एक साखळी केली, प्रोटेक्टेड एरियाज नेटवर्क, त्यात राज्याने आपली जागा नोंदवली की देखरेखीला पैसे मिळतात.

निळा_पंख:
चॅनलमधे हेकरू जमलेले मी पाहिलेत. वर्णन करायला गेलो तर खोटं वाटेल म्हणून एवढंच सांगतो की वाळू दिसत नव्हती. आणि ते एकमेकांशी भांडत असतात, नर नराला चावतात, अंगावर ओरखडे. आमच्या गाइडने खुणेने सगळ्यांना मागे थांबवलं होतं, पंख हलवायचा नाही, प्रवाहात खडकाला हूक अडकवून पतंगासारखं लोंबकळत राहायचं.

अजून एक, टेंगूळवाल्या पोपटमाशाचं कुणी बोललं नाही. डोक्याला टेंगूळ असलेला मोठा पॅरटफिश, स्थानिक नाव केमेदुक्ल. दिवसा प्रवाळ कराकरा चावून खातो (पाण्याखाली आवाज येतो हो) आणि मागून वाळू सोडतो. रात्री सगळा कळप उथळ पाण्यात एकत्र झोपतो, तोच त्याचा घात. टॉर्च आणि भाला घेऊन एक माणूस एका रात्रीत आख्खा कळप संपवू शकतो. त्याच्यावर आणि नेपोलियन रॅसवर, त्याला मामल म्हणतात, दोघांवर आता देशभर पूर्ण बंदी आहे, मारायचाही नाही विकायचाही नाही. टँक लावून भाल्याने मासे मारायलाही बंदी आहे, श्वास रोखून जाऊ शकता तेवढंच. मला हा नियम फार न्याय्य वाटतो, माशाला निदान तुमच्या फुफ्फुसाएवढी तरी संधी.

आकडेमोड:
सगळं छान आहे पण पैशाचं कोण बोलणार? मी जरा थंड पाणी ओततो.

टुना पकडायला परदेशी बोटींना परवाने विकणं हे पॅसिफिकमधल्या छोट्या देशांचं मोठं उत्पन्न आहे. आठ देशांचा एक गट आहे, नाउरू करारवाले, पलाऊ त्यात आहे, ते मासे नाही तर दिवस विकतात. म्हणजे तुमच्या पर्स सीन (टुनाच्या थव्याला मोठ्या जाळ्याने वेढणाऱ्या) बोटीने आमच्या पाण्यात एक दिवस काढायचा तर कमीत कमी ८,००० डॉलर. डोकं लावलंय त्यांनी, एकेकट्याने भाव पाडून घेण्यापेक्षा एकजूट. किरिबाती, तुवालूसारख्यांचं तर सरकार यावर चालतं. पलाऊने ८०% बंद करून लाँगलाइनवाल्यांचा परवाना व्यवसाय जवळपास घालवला आणि त्या बदल्यात सगळा भार पर्यटकांवर टाकला. विमान तिकिटातच १०० डॉलर पर्यावरण फी लागते, शिवाय रॉक आयलंड्सला जायचं तर कोरोर राज्याचा परमिट वेगळा, ५० डॉलर, जेलीफिश लेकसह १००. आणि कायदा पूर्ण लागू झाला कधी, १ जानेवारी २०२०. दोन-तीन महिन्यांत कोविड. विमानंच बंद. याला म्हणतात मुहूर्त.

आणि आता खरा मुद्दा जो धाग्यात कुणी काढला नाही. लाँगलाइन कंपन्या कोरोरमधे टुना उतरवायच्या, निर्यातीला न चालणारा माल स्थानिक बाजारात स्वस्तात यायचा, हॉटेलं तोच वापरायची. कंपन्या गेल्या, तो टुना गेला. मग हॉटेलवाला पर्यटकाला काय वाढणार? रीफचा मासा. अभ्यासकांनी २०१९ मधेच हा इशारा देऊन ठेवला होता, की निळ्या पाण्यातला टुना गावात आणायची स्थानिक सोय आधी करा नाहीतर सगळा भार रीफवर येईल. म्हणजे लांबचा समुद्र वाचवताना जवळची रीफ ओरबाडली जायची वेळ. त्यामुळे आताचे राष्ट्राध्यक्ष सुरँजेल व्हिप्स ज्युनिअर यांनी त्यातला काही भाग पुन्हा उघडायचा विषय काढला तेव्हा लगेच त्यांना पर्यावरणाचे शत्रू ठरवण्यात अर्थ नाही, हाच माणूस खोल समुद्रातल्या खाणकामाला स्थगिती द्या म्हणून जगभर बोलतोय.

मासळीशास्त्र:
@आकडेमोड तुमचा टुनाचा मुद्दा एकदम बरोबर, मी लिहायला हवा होता. २०% पाणी स्थानिक मासेमारीसाठी ठेवलंय ते याचसाठी होतं, की पलाऊच्याच लोकांनी छोट्या बोटी घेऊन टुना धरावा. त्यासाठी समुद्रात तरंगते ओंडके-बोये नांगरून ठेवतात, सावलीला लहान मासे जमतात, त्यांच्यामागे टुना येतो, कोळ्याला शोधत फिरायला नको. पण इंधन, बर्फ, मोठी बोट, आणि मुख्य म्हणजे सवय. ज्याचा बाप-आजा रीफवर गळ टाकत आला त्याला सांगायचं की आता वीस मैल बाहेर जा.

पण "८०% चा रीफला काडीचा उपयोग नाही" हे तितकंसं खरं नाही. २०१५ साली पलाऊने व्हिएतनामच्या चार लाकडी बोटी पकडून भर समुद्रात जाळल्या, फोटो जगभर फिरले होते. निळ्या रंगाच्या बोटी, म्हणून तिकडे त्यांना निळ्या बोटीच म्हणतात. त्या टुनासाठी आल्याच नव्हत्या, त्यांच्या पोटात होती समुद्रकाकडी (काकडीसारखा दिसणारा, तळाशी सरपटणारा प्राणी) आणि रीफचे मासे. म्हणजे बाहेरून येऊन थेट प्रवाळावर डल्ला. पाच लाख चौरस किलोमीटरवर नजर ठेवायची तर गस्तीची जहाजं लागतात, ती ऑस्ट्रेलिया आणि जपानच्या मदतीने आली, आणि तीच जहाजं या चोरांनापण अडवतात. कायदा नसता तर एवढी जमवाजमव झाली असती का, मला शंका आहे.

आकडेमोड:
मान्य. बोटी जाळल्याचं मी विसरलोच होतो. पण जहाजं मिळायला ८०% च बंद करावं लागतं असं नाही हां.

तिवरांच्या_पल्याड:
मधेच तोंड घालते. सगळे मासे आणि गरमीवर बोलतायत, मातीवर कुणीच नाही. पलाऊचं मोठं बेट बाबेलदाओब, लाल मातीचं, डोंगराळ, पाऊस म्हणाल तर धोधो. अमेरिकेबरोबरच्या करारातून त्या बेटाभोवती रस्ता बांधला, ८५ किलोमीटरचा, २००७ मधे पूर्ण झाला. डोंगर कापले, झाडं गेली, पाऊस पडला की लाल गढूळ पाणी ओढ्यांतून थेट खाडीत. ऐराय खाडीतल्या प्रवाळावर तो गाळ बसायचा. प्रवाळाला ऊन हवं, चिखलात ते गुदमरतं, आणि नवं पिल्लू बसायला स्वच्छ खडक लागतो तो मिळत नाही.

मधे वाचवणारं काय तर तिवरं, आणि मेसेइ, म्हणजे तिथली अळूची पाणथळ शेतं, तिकडच्या बायकांची शेती. वरून आलेला गाळ या वाफ्यांमधे थांबतो आणि पुढे पाणी निवळून जातं. आईकडून मुलीकडे जाणारी जमीन, ती बाई रोज गुडघाभर चिखलात उभं राहून अळू लावते, आणि खाली रीफ स्वच्छ राहते. तरण्या पोरी कोरोरला नोकऱ्या करतात, शेतं ओस पडली की गाळ अडवायला कोण. गरमीचं पलाऊ काही करू शकत नाही, मातीचं करू शकतं, म्हणून मला हा मुद्दा सर्वात महत्त्वाचा वाटतो.

बायकांचा विषय निघालाच आहे तर समुद्रकाकडीचं. ओहोटीला उथळ पाण्यात चालत जाऊन समुद्रकाकड्या, शिंपले गोळा करणं हे तिथे बायकांचं काम, घरी खायचं, थोडं विकायचं. समुद्रकाकडी निर्यातीवर बंदी होती. २०११ मधे न्गार्दमाउ राज्यात थोड्या काळासाठी निर्यात उघडली, चिनी बाजारात भाव मिळतो ना. काही महिन्यांत आख्खं गाव किनाऱ्यावर, बादल्यांनी, पोत्यांनी. मग संपलं. पुन्हा बंद केलं, पण बायका जिथे पिढ्यान्पिढ्या जात होत्या तिथे नंतर काही सापडेना. मासेमारी म्हटली की पुरुष आणि बोट एवढंच डोळ्यासमोर येतं, म्हणून हे असं सहज सुटून जातं.

निळा_पंख:
ताई, लाल पाण्याबद्दल अगदी बरोबर. जोराचा पाऊस झाला की आम्ही बोट बाबेलदाओबच्या बाजूला नेतच नव्हतो, दोन हातापलीकडे दिसायचं नाही.

वाट_बघतोय:
सनस्क्रीनचं उत्तर कुणी दिलं नाही अजून. ते खूळ आहे का खरं?

मासळीशास्त्र:
खूळ नाही पण मोठा शत्रूही नाही. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट वगैरे दहा रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे, कायदा २०१८ चा, लागू १ जानेवारी २०२० पासून, देश म्हणून असं करणारा पलाऊ पहिला. दुकानदाराने विकलं तर १,००० डॉलरपर्यंत दंड, प्रवाशाच्या बॅगेत सापडलं तर काढून घेतात. उघड्या समुद्रात भरती-ओहोटीने पाणी सारखं बदलतं, तिथे क्रीमने रीफ मेली असं म्हणता येणार नाही, गरमीपुढे ते काहीच नाही. पण जेलीफिश लेक हे बंद तळं आहे, डोंगरांच्या मधे, समुद्राशी फक्त खडकातल्या भेगांनी जोडलेलं, आणि दिवसाला शेकडो माणसं त्यात उतरत होती. त्या पाण्यात सनस्क्रीनची रसायनं सापडली होती, तिथून हा कायदा आला. त्यामुळे कायदा बरोबर आहे, व्हिडिओवाले त्याचा डांगोरा भलताच पिटतात एवढंच.

निळा_पंख:
आणि त्या तळ्यातल्या जेलीफिश २०१६ मधे नाहीशाच झाल्या होत्या, पण त्या क्रीमने नाही. त्या वर्षी मोठा दुष्काळ, एल निनो, पाऊस नाही म्हणून तळं खारट आणि गरम झालं. त्या जेलीफिशच्या अंगातपण प्रवाळासारखंच शेवाळ असतं बरं का, म्हणून त्या दिवसभर सूर्याच्या मागे मागे तळ्यात फिरतात. लाखोंच्या होत्या, शोधायची वेळ आली. तळं बंद ठेवलं, पाऊस परत आला, तळाशी चिकटून राहिलेल्या अवस्थेतून पुन्हा नव्या तयार झाल्या आणि २०१९ च्या सुमारास लोकांना पुन्हा सोडायला लागले. आमचे कप्तान म्हणायचे १९९८ नंतरही असंच झालं होतं, गेल्या आणि आल्या.

ओहोटी_२३:
मला आता कळलं की मी प्रश्नच चुकीचा विचारला होता :) म्हणजे ८०% टुनासाठी, रीफला बूल आणि राज्यांचे नियम, खाडीला तिवरं आणि अळू, आणि गरमीला कुणीच नाही. मैत्रिणीचा प्रश्न मात्र राहिलाय हो, खावं काय?

आकडेमोड:
टुना. डोळे मिटून टुना मागवा, स्थानिक बोटीचा आहे का विचारा. रीफचा मासा पर्यटकाने नाही खाल्ला तर त्याचं काही बिघडत नाही, गावातल्या माणसाच्या जेवणातला तो आहे. आणि तिकडे पर्यटक किती येत होते माहितीये का, २०१५ मधे दीड लाखाच्या वर, १८ हजार लोकांच्या देशात. प्रत्येकाने तीन रात्री रीफचा मासा मागितला तर हिशोब करा.

तिवरांच्या_पल्याड:
अळू पण खाऊ दे तिला, ते आठवणीने सांग. आणि मोठा हेकरू कुणी कौतुकाने आणून दाखवला की "केवढा मोठा" असं म्हणू नको म्हणावं, त्या कौतुकापायीच मारतात.

निळा_पंख:
टुना साशिमी, वर लिंबू, हे मी आकडेमोड यांच्याशी पूर्ण सहमत होण्याचा या साइटवरचा पहिला प्रसंग. पलाऊला उतरताच त्यांच्या पर्यटनाच्या शपथेवरपण सही करावी लागेल तिला, पासपोर्टमधेच शिक्का मारतात, पलाऊच्या मुलांना उद्देशून लिहिलेली आहे, २०१७ पासून. बहुतेक लोक रांगेत घाईत वाचत नाहीत, तिला वाचायला सांगा. आणि कधी चाललीये ती? एप्रिल ते जुलै मधे असेल तर तारखा पंचांगात बघून घे, अमावस्येच्या आधीचे दोन-तीन दिवस उलाँगला जमलं तर जमव म्हणावं. फक्त गाइडला आधी विचारायचं, तो नाही म्हणाला तर नाही.

ओहोटी_२३:
जूनमधे जातेय! पंचांग काढते लगेच.